माझ्यावर देव बसत नव्हता

आधी बसून घ्या. हो, माझ्यावरच. मी खुर्ची आहे, तेव्हा बसा म्हणायचा अधिकार मला आहे. बोलणाऱ्या खुर्चीवर बसायला माणसं जरा कचरतात, ते मी समजू शकते. पण जिच्यावर तीस वर्षं कोणी टेकलंसुद्धा नाही, तिच्या मनात बोलण्यासारखं किती साठलं असेल याचाही विचार करा.

आम्ही सहा जणी. एकाच सुताराच्या हातून, एकाच लाकडातून झालो. अगदी खरं सांगायचं तर माझा मागचा डावा पाय तेवढा त्या लाकडाचा नाही. तिथवर येईतो लाकूड संपलं. सुताराने कोपऱ्यात पडलेला दुसराच तुकडा उचलला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाला, "ओलसर आहे, पण जाईल चालून." ते चालून गेलं नाही. पाय वाळला तसा आखडला आणि केसभर तोकडा राहिला. तेव्हापासून माझ्यावर बसून कोणी जरा हललं की तो पाय फरशीवर आपटतो. टक. सुताराने खाली चामड्याची चकती ठोकून दिली आणि विषय मिटवला.

आम्हाला बनवून घेतलं ते एका चष्मेवाल्यांनी. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, खिडकीशी काचा घासायचं यंत्र, आणि एका डब्यात काचेवर खुणा करायच्या मेणाच्या पिवळ्या पेन्सिली. मागच्या खोलीत लांब टेबल, आणि टेबलाभोवती आम्ही. माणूस नेक होता. पण धर्माच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोणाची हूं की चूं चालायची नाही. रोज संध्याकाळी दुकानाचं दार लागलं की टेबलाच्या मधोमध ग्रंथ यायचा. ते एक पान वाचायचे, आणि मग सगळ्यांनी डोळे मिटायचे. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून खपायचं आणि संध्याकाळी घरच्यांना डोळे मिटायला लावायचं, याची मला तेव्हाही गंमत वाटायची.

घरात चार माणसं होती. चष्मेवाले, त्यांची बायको, मुलगा थोरला आणि मुलगी धाकटी. उरलेल्या दोघी पाहुण्यांसाठी. शेंडेफळाच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलं येतं, तशी मी तोकड्या पायाची धाकटीच्या वाट्याला आले.

सात वर्षांची होती ती. पहिल्याच दिवशी तिने काय केलं, तर खाली वाकून ती चामड्याची चकती उपटली आणि खिडकीतून बाहेर भिरकावली. तिला माझा आवाज आवडला होता. प्रार्थना सुरू झाली, सगळे डोळे मिटून बसले, की तिचं वजन हळूच डाव्या अंगाला जायचं. टक. शेजारच्या खुर्चीवरून थोरला डोळे न उघडता पुटपुटायचा, "पाय हलवू नकोस गं." ती थांबायची, मनातल्या मनात दहापर्यंत मोजायची, आणि पुन्हा टक.

ती डोळे मिटत नव्हती हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. डोळे मिटलेल्या माणसाचं अंग सैल पडतं, खुर्चीला ते लगेच कळतं. तिचं अंग कधी सैल पडलं नाही. ती सगळ्यांकडे बघत बसायची.

तिला प्रश्न फार पडायचे. जेवताना एक तरी निघायचाच. चष्मेवाले शांतपणे म्हणायचे, "हे विचारायचं नसतं." मग दुपारी सगळे आपापल्या कामात असले की ती दुकानातली पिवळी पेन्सिल पळवायची, टेबलाखाली शिरायची, उताणी पडायची आणि माझ्या पोटावर, म्हणजे बैठकीच्या खालच्या अंगाला, लिहायची. मला गुदगुल्या होत. ती अक्षरं अजून माझ्या अंगावर आहेत, म्हणून जशीच्या तशी सांगते.

"देवाला तेच तेच ऐकून कंटाळा येत नाही का?"

"डोळे मिटले नाहीत तर काय होतं? आज मिटले नाहीत. काही झालं नाही."

"पलीकडच्या गल्लीतल्या लोकांचा देव दुसरा की हाच?"

आणि सगळ्यांच्या खाली, जरा मोठ्या वयात लिहिलेलं: "बाबा म्हणाले, विचारू नकोस. म्हणून हिला विचारते."

हिला म्हणजे मला. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं. साऱ्या जगात तिने विचारायला मला निवडलं, आणि मी पडले लाकूड.

एकोणिसाव्या वर्षी ती गावातल्या दुसऱ्या लोकांच्या प्रार्थनाघरांत जायला लागली. एकूण तीन ठिकाणी. मागच्या ओळीत बसायची, आणि घरी येऊन वहीत लिहायची: कोण कुठे बसतं, कधी उठतात, कधी मान झुकवतात, कोणाला पुढे बसू देत नाहीत. तिला धर्म बदलायचा नव्हता, घरावर रागही नव्हता. आपल्यासारखंच बाकीचे लोकही संध्याकाळी डोळे मिटून काय शोधतात, एवढंच तिला बघायचं होतं.

एका गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायला गेलेल्या थोरल्याने तिला त्यातल्या एका प्रार्थनाघरातून बाहेर पडताना पाहिलं आणि घरी येऊन बाबांना सांगितलं. त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याला वाटलं, बाबा चार शब्द सुनावतील, ती दोन दिवस फुगून बसेल आणि संपेल.

त्या संध्याकाळी चष्मेवाल्यांनी ग्रंथ टेबलावर ठेवला, पण उघडला नाही. आवाज न चढवता म्हणाले, "या टेबलाशी एकच ग्रंथ वाचतात. तुला सगळीकडे बसायचं असेल तर इथली जागा सोड."

त्यांना वाटलं होतं की ती माफी मागेल. तिने आईकडे पाहिलं. आई ग्रंथाकडे बघत होती. तिने थोरल्याकडे पाहिलं. त्याने चक्क डोळे मिटून घेतले. मग ती उठली. उठताना माझा पाय वाजला, टक, आणि माझ्यावरून तिचं वजन गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले थोरल्याला म्हणाले, "ती खुर्ची अडगळीत टाक." थोरल्याने मला उचललंही. पण ज्या बाईने उभ्या जन्मात नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता, ती दारात आडवी उभी राहिली. "खुर्ची इथेच राहील," ती म्हणाली. एवढंच. चष्मेवाल्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ते दुकानात निघून गेले.

त्या संध्याकाळपासून आई प्रार्थनेला बसण्याआधी माझ्यापाशी यायची, माझ्या पाठीवर हात ठेवायची, क्षणभर थांबायची आणि मग आपल्या जागी जाऊन बसायची. सगळे तेवढा वेळ थांबायचे.

तीन महिन्यांनी एक पत्र आलं. मागच्या खोलीतून मला दुकानातलं सगळं ऐकू येतं. थोरला एकटाच होता. पोस्टमन म्हणाला, "तुमच्या आईच्या नावचं आहे." थोरल्याने अक्षर ओळखलं होतं. मग तो म्हणाला, "परत न्या. इथे कोणी घ्यायचं नाही हे." बाबांच्या भीतीने म्हणाला. पोस्टमन गेला, आणि पुढे दुपारभर काच घासायचं यंत्र बंद होतं. पत्राचं त्याने कोणालाच सांगितलं नाही. दुसरं पत्र आलं नाही.

मग चष्मेवाले गेले. दुकान आणि ग्रंथ थोरल्याकडे आला, आणि त्याचं लग्न झालं. इथे ती चूक झाली, जी देवभोळ्या, शहाण्यासुरत्या, एकमेकांचा मान राखणाऱ्या घरातच होऊ शकते.

सून चांगल्या धार्मिक घरातली होती. नव्या घरात गेल्या गेल्या प्रश्न विचारायचे नाहीत, बघून शिकायचं, असं तिला आईने बजावून पाठवलं होतं. पहिल्याच संध्याकाळी तिने काय पाहिलं? सासूबाई एका रिकाम्या खुर्चीपाशी गेल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबल्या, सगळं घर त्यांच्यासाठी गप्प उभं राहिलं, आणि मग ग्रंथ उघडला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या मागोमाग सुनेनेही माझ्या पाठीला हात लावला आणि मान झुकवली.

सासूबाईंनी ते पाहिलं. त्या वळून आपल्या जागी जाऊन बसल्या. थोरल्यानेही पाहिलं. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं, त्यापेक्षा त्याने ग्रंथ उघडला. झालं. त्या दिवसापासून मी देवाची खुर्ची.

खोटं कशाला बोलू, मला सुरुवातीला आवडलं. तोकड्या पायाच्या खुर्चीला असा मान कुठे मिळतो? माझ्यावर पांढरं स्वच्छ कापड आलं. दर आठवड्याला ते धुवून, इस्त्री करून बदललं जायचं. पलीकडे राहणाऱ्या शिक्षिका मुलीच्या परीक्षेआधी तिला घेऊन माझ्या पाया पडायला आल्या. माझ्या पायांची एवढी चौकशी सुतारानेही केली नव्हती. एकदा प्रार्थनाघरातले वयोवृद्ध प्रमुख चहाला आले. सुनेने त्यांना मला दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "फार जुनी पद्धत आहे ही. हल्ली कोणी पाळत नाही." मी तेव्हा सोळा वर्षांची होते, आणि 'पद्धत' तर चारच वर्षांची. पण एवढ्या मोठ्या माणसाला खोटं कोण पाडणार.

मात्र संध्याकाळ झाली की सगळा डौल उतरायचा. घर डोळे मिटून बसायचं, आणि मला वाटायचं की माझ्यावर कोणीतरी आहे. देवाचं वजन किती असतं मला माहीत नाही, पण तिचं मला पाठ होतं. किंचित डावीकडे झुकलेलं, अंग सैल न सोडलेलं. मी नको म्हणायचे आणि तरी ते यायचं. कधीकधी कोणी हात लावलेला नसताना माझा पाय वाजायचा. टक. हवेतल्या ओलीने लाकूड सरकत असेल, असं सुतार म्हणाला असता. मी सुतार नाही.

तो आवाज आला की सुनेचा चेहरा उजळायचा. "आले," ती पुटपुटायची. आणि वाचणारा थोरला त्याच ओळीवर अडखळायचा, पाणी प्यायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. एकाच आवाजाने एकीला देव भेटत होता आणि दुसऱ्याचा घसा कोरडा पडत होता.

त्यांना दोन मुलं झाली. मोठा दादा, आणि धाकटी एक मुलगी. ही मुलगी सहा वर्षांची असतानाच घरातले सगळे तिला वकीलबाई म्हणायला लागले होते. कारण तिला काही सांगितलं की तिचा पहिला शब्द "पण" असायचा.

"या खुर्चीवर कोण बसतं?" तिने विचारलं. आई म्हणाली, "देव." बाबा म्हणाले, "जेव आधी." दादा म्हणाला, "तू बसलीस तर आंधळी होशील, आणि बाबांकडेही तुझा नंबर नसेल."

"पण माझ्या मैत्रिणींकडे अशी खुर्ची नाही," वकीलबाई म्हणाली. "देव फक्त आपल्याकडेच बसायला येतो का? त्यांच्याकडे उभा राहतो?"

थोरल्याचा घास हातातच राहिला. चेहरा वेगळा, आवाज वेगळा, पण प्रश्न त्याने ओळखला. मीसुद्धा ओळखला. माझ्या पोटावरची अक्षरं एकदम जड झाल्यासारखी वाटली.

आठ वर्षांची असताना तिने एक उद्योग केला. प्रार्थनेच्या आधी आईची तोंडाला लावायची पावडर आणली आणि माझ्या पाठीच्या कडेपासून बैठकीपर्यंत सगळीकडे अलगद भुरभुरली. पांढऱ्या कापडावर पांढरी पावडर, कोणाच्या लक्षात आलं नाही. आईचा पाय त्या दिवशी मुरगळला होता, ती लंगडत थेट आपल्या जागी बसली. प्रार्थना संपली, सगळे उठले, आणि वकीलबाई माझ्यापाशी येऊन डोळे बारीक करून बघू लागली. बैठकीवर कोणी बसल्याची खूण नव्हती. पण पाठीच्या वरच्या कडेवर चार बोटं स्पष्ट उमटली होती. आजीची.

ती आजीच्या खोलीत गेली नाही, तिथूनच तिने हाक मारून आजीला आणलं. "आजी, तू रोज इथे हात का ठेवतेस?"

आजी खूप थकली होती तेव्हा. तिने पावडरीत उमटलेल्या आपल्या बोटांकडे पाहिलं, पदराने ती पुसून टाकली आणि म्हणाली, "ऊब आहे का बघते."

"असते?"

"नाही गं," आजी म्हणाली आणि निघून गेली. त्याच वर्षी ती गेली. मी गार ती गारच राहिले, याचं मला जन्मभर वाईट वाटत राहणार.

वकीलबाई ते उत्तर विसरली नाही. शाळा संपल्यावर बाकीच्या मुली जे शिकतात ते सोडून ती म्हणाली, मला धर्माचा अभ्यास करायचाय.

"धर्म पाळतात," थोरला म्हणाला. "त्याचा अभ्यास काय करायचाय?"

"मला देवाचा अभ्यास नाही करायचा, बाबा. माणसं हात कुठे ठेवतात आणि का ठेवतात, त्याचा करायचाय."

थोरला नको म्हणणार होता. पण आई मध्ये पडली. "शिकू दे की. इतकं वाचल्यावर श्रद्धा वाढेलच तिची." बिचारीला खरंच तसं वाटत होतं. वकीलबाई दुसऱ्या शहरात शिकायला गेली. सुट्टीला यायची, शहाण्यासारखी माझ्यापुढे मान झुकवायची, आपल्या खुर्चीवर बसायची. पण डोळे मिटायची नाही. तिची खुर्ची माझ्या समोरच होती, म्हणून मला कळलं.

ती चोवीस वर्षांची असताना एकदा पाठीवर पिशवी आणि हातात वही घेऊन घरी आली. आपल्या घरातल्या एका पद्धतीवर लिहून आणा, असं तिच्या शिक्षकांनी सांगितलं होतं. तिने मला निवडलं होतं. येण्याआधी तिने ढीगभर पुस्तकं पालथी घातली होती, चार जाणत्यांना विचारलं होतं. आमच्या धर्मात अशी खुर्ची कोणीच, कधीच ठेवलेली नव्हती.

दुपारची वेळ. आई बाजारात गेली होती, थोरला दुकानात. तिने माझ्यावरचं कापड काढून घडी केली, उंची मोजली, पाठ मोजली. आणि मग या घरात तीस वर्षांत कोणाच्या मनातही आलं नव्हतं ते तिने केलं. तिने मला उलटी केली.

माझे चारी पाय वर. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. ती गुडघ्यांवर बसली, खिडकीच्या उजेडात मला फिरवलं, आणि तिला ती अक्षरं दिसली. तिने एकेक ओळ बोटाने वाचली. "आज मिटले नाहीत. काही झालं नाही" या ओळीशी ती हसली, आणि शेवटच्या ओळीशी तिचं हसू गेलं.

थोरला पाण्याचा पेला घ्यायला आत आला आणि दारातच थांबला.

"बाबा, हे कोणाचं अक्षर आहे?"

"खुर्ची सरळ कर."

"लहान मुलीचं आहे. माझं नाही. आईचं नाही. आपल्या दुकानातल्या पेन्सिलीने लिहिलंय."

"आधी सरळ कर म्हणतो ना."

"कोण बसायचं हिच्यावर?"

त्याच्या हातात पेला होता तो त्याने टेबलावर ठेवला. सांगायची ती वेळ होती. तीस वर्षांत अशी वेळ पुन्हा आली नव्हती. पण माणसाचं तोंड त्याला सवय असते तिकडेच वळतं. तो म्हणाला, "घरातल्या गोष्टी वहीत मांडायच्या असतील तर या टेबलाशी बसायचं नाही."

वाक्य तोंडातून निघालं आणि ते कोणाचं आहे हे त्याचं त्यालाच कळलं. पण त्याने ते परत घेतलं नाही. वकीलबाईने मला सरळ केलं, कापड नीट घातलं, पिशवी उचलली आणि ती गेली. आई बाजारातून आली तेव्हा दारात फक्त पोरीच्या चपलांची रिकामी जागा होती.

आता टेबलाशी दोन रिकाम्या खुर्च्या झाल्या. मी पलीकडच्या त्या माझ्या बहिणीकडे बघत राहायचे आणि मनात म्हणायचे, बाई, आता तुझीही पाळी. काही वर्षांनी तुझ्यावरही कापड येईल.

महिना गेला. फोन आला नाही, इकडून कोणी केला नाही. दादा नोकरीच्या गावी होता, तेव्हा प्रार्थनेला दोघंच. एका संध्याकाळी आई माझ्यापाशी आली, नेहमीसारखा पाठीला हात लावला, मान झुकवली. मग आपल्या जागी जायच्या ऐवजी ती टेबलाला वळसा घालून गेली आणि पोरीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

थोरला ग्रंथ उघडत होता. त्याचे हात थांबले. "तिथे हात ठेवू नकोस," तो म्हणाला.

"का?" तिने हात काढला नाही. "त्या खुर्चीवर देव बसतो म्हणून तिला लावते. हिच्यावर माझी पोर बसायची."

थोरल्याने ग्रंथ मिटला. त्याने पोरीच्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिच्यावरही पोरच बसायची," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. धाकटीचं, तिच्या पाय हलवण्याचं, तिच्या वहीचं, आपण बाबांना सांगितल्याचं. पत्र परत केल्याचं त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं. बायको उभ्यानेच ऐकत होती.

"मला कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस."

"विचारायचं नसतं ना या घरात." ती माझ्यापाशी आली, कापड काढलं आणि त्याची घडी करत राहिली. आधी चौपदरी, मग आणखी लहान. "इतकी वर्षं सासूबाई माझ्यासमोर हात ठेवायच्या, आणि मला वाटायचं त्या प्रार्थना करतायत." मग तिने ते कापड कपाटात टाकलं आणि म्हणाली, "फोन लावा तिला. आत्ता."

दुकानातून त्याचा आवाज आला. "उद्या ये," तो म्हणाला. "आणि वही घेऊन ये. मी सांगतो ते लिहून घे."

वकीलबाई आली. संध्याकाळी ती आपल्या खुर्चीकडे वळली तेव्हा थोरला म्हणाला, "तिथे नाही. इकडे बस." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

एवढं शिकलेली पोर, पण तिचाही पाय क्षणभर अडला. दादाने लहानपणी घातलेली भीती इतकी सहज जात नसते. मग ती आली आणि बसली. तीस वर्षांनी माझ्यावर जिवंत माणसाचं वजन आलं. माझे सांधे करकरले. काय वाटलं ते मला अजून सांगता येत नाही. बरं वाटलं, आणि जिचं नव्हतं तिच्यासाठी रडूही आलं, दोन्ही एकदम.

थोरल्याने पान वाचलं. सगळ्यांनी डोळे मिटले, म्हणजे दोघांनी. वकीलबाईने बसल्या जागी जरा अंग हलवलं.

टक.

"पाय हलवू नकोस गं," थोरला डोळे मिटलेलेच ठेवून पुटपुटला.

आणि मग आपण काय बोललो हे त्याला कळलं. त्याने डोळे उघडले, माझ्यावर बसलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि सत्तावन्न वर्षांचा तो माणूस टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. कोणी त्याला गप्प केलं नाही.

परत केलेल्या त्या पत्राच्या मागचा पत्ता त्याला पाठ होता. तीस वर्षं तो मनात घोकत आला होता. वकीलबाईने त्या पत्त्यावर पत्र टाकलं. ते परत आलं. मग बाप आणि लेक दोघं स्वतः गेले. तिथे शिंप्याचं दुकान होतं, वर भाडेकरू. आधी कोण राहायचं, कोणाला आठवत नव्हतं. एक म्हातारा एवढंच म्हणाला की फार पूर्वी एक मुलगी राहायची, कुठल्याही प्रार्थनाघराची घंटा वाजली की खिडकीत येऊन उभी राहायची. तीच का, ते सांगता येत नाही.

आता मी वकीलबाईच्या खोलीत असते. ती कॉलेजात धर्म शिकवते. तिच्या टेबलापुढे मी, आणि माझ्यावर दिवसभर विद्यार्थी बसतात. कोणी पाळणारे, कोणी सोडलेले, कोणी घरी न सांगता आलेले. पाय वाजला की ते ओशाळतात, खाली कागदाची घडी सरकवतात. ते गेले की वकीलबाई वाकून ती घडी काढून टाकते. थोरला महिन्याकाठी येतो, लेकीसमोर बसतो, निघताना माझ्या पाठीवर हात ठेवतो. "ऊब आहे," म्हणतो, आणि हळूहळू जिना उतरतो.

पण संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं की मी पुन्हा गार होत जाते, आणि ते डावीकडे झुकलेलं वजन येतं. कधी पायही वाजतो. ती आहे, की मलाच तिची सवय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. तुम्ही चार ठिकाणी जाता, चार माणसांत बसता. तुमच्या ओळखीत साठी उलटलेली एखादी बाई असेल, सगळे डोळे मिटून बसले की उघड्या डोळ्यांनी बघत राहणारी, बसल्या जागी खुर्चीचा पाय हलवणारी, तर तिला माझा एक निरोप द्या. सांगा, तू विचारलेलं मला तेव्हा सांगता आलं नाही. पण तुझे प्रश्न कोणी पुसलेले नाहीत. ते आता तुझी भाची मुलांना विचारते. आणि तुझा भाऊ म्हणतो, ये. जागा आहे. पाय हवा तेवढा हलव.